पासष्ट इंची पाहणी

दुकानात पाय ठेवला आणि समीक्षाला समोर समीक्षाच दिसली. भिंतभर. कपाळावर चिकटलेले केस, नाकावरचा घाम, हनुवटीवरचा तीळ... सगळं पासष्ट इंचांत. ती दचकून मागे सरली, पडद्यावरचीही सरली.

"सॉरी, सॉरी... कॅमेरा तपासून राह्यलो होतो." टीव्हीमागून एक डोकं वर आलं. अंकुश. बोरगाव मेघेतल्या या दुकानाचा मालक. घरची भाजीची शेती भावावर सोडून तारांमध्ये शिरलेला. "बंद करतो."

"राहू द्या. एवढी मोठी मी कधी दिसली नाई."

तो हसला. आणि हसलो हे लक्षात येताच उगाच एक वायर गुंडाळायला लागला.

समीक्षाचं हसू मात्र टिकलं नाही. रोहणा गावातल्या तिच्या घरी चांगला चालता टीव्ही होता. पण रविवारी बेंगळुरूचा चंदन तिला पाहणार होता, व्हिडिओ कॉलवर. सुट्टी नाही म्हणे. जन्माची बायको पाहायला एक दिवस मिळत नाही, असा त्याचा थाट. आणि तिच्या बाबांनी, लक्ष्मणरावांनी, हट्ट धरला होता की जावई मोबाईलच्या टिचभर काचेत पाहायचा नाही. आता या अकलेला काय म्हणावं? नवा टीव्ही तिकडच्यांना दिसणारच नव्हता. दिसणार होती ती. आर्वीच्या कॉलेजात गणित शिकवते, ते नाही दिसणार. रंग दिसणार, उंची दिसणार. तीन रात्री ती धड झोपली नव्हती.

"हे दोन हायत, काकाजी," अंकुश तिच्या मागून आत आलेल्या लक्ष्मणरावांना म्हणाला. "या ओएलईडीचं चित्र एक नंबर. काळं खरं काळं दिसते. पण याचं वायफाय नाजूक. हा दुसरा चित्रात थोडा मागं, पण जोडणी पक्की. गावात नेट कसं हाय?"

"येते... जाते," समीक्षा म्हणाली.

"मंग दुसरा घ्या. बोलाचं असन त जोडणी पाहा."

"मागं म्हणता अन् घ्याही म्हणता?" लक्ष्मणराव गुरकावले. "जावई धुकट पाहू का मी?"

ते किमतीची घासाघीस करायला गल्ल्याकडे वळले. समीक्षा त्या काळ्याभोर पडद्यासमोर उभी होती.

"काळं खरं काळं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माहं कठीणच हाय."

"काळं जमलं नाई त बाकीचे रंग उभेच राहत नाई, मॅडम."

तो टीव्हीकडे पाहत नव्हता. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शनिवारी तो रोहण्याला बाबांनी निवडलेला ओएलईडी लावायला आला. मातीच्या जाड भिंतींपुढे वायफायनं हात टेकले. मग त्यानं राउटरपासून दारावरून तार ओढली. समीक्षा स्टूल धरून उभी होती, गरज नसताना. आनंदाबाई, तिची आई, चहा ठेवून गेली. तो तसाच थंड होत राहिला.

"तुम्ही कोणता घेतला असता?" तिनं विचारलं.

"जोडणीवाला. चित्राचं नवल चार दिवस. बोलणं तुटलं त जीव लागत नाई कुठंच."

"अनुभव हाय वाटते."

"नाई..." तो वरूनच म्हणाला. "कालपासून अंदाज येऊन राह्यला."

तिचा हात स्टुलावर घट्ट झाला. एवढं बोलून हा गडी परत तारेत घुसला. पुढचं कोणी बोलायचं?

"उद्या तूही येजो," लक्ष्मणराव आत येत म्हणाले. "ऐनवेळी नेट गेलं त माही इज्जत जाईन."

म्हणून रविवारी अंकुशही होता, राउटरपाशी, भिंतीला टेकून. पडद्यावर चंदन आणि त्याची आई उजळली. इतकी साफ की आईच्या साडीचे काठ मोजावेत. लक्ष्मणराव खूश.

"आवाज येतोय ना? तुझं चित्र अडकतंय गं," चंदनची आई म्हणाली. "उंची कळत नाही. जरा उठून चालून दाखव."

समीक्षानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"मधेच चित्र थांबलं. परत चाल."

येणारं चित्र लख्ख, जाणारं मात्र अडकत होतं. ती परत चालली.

"अडकलंच. आता सावकाश चाल, आणि वळून उभी राहा."

बैलबाजारातही जनावराला तिसऱ्यांदा कोणी फिरवत नाही. समीक्षा मधेच उभी राहिली. अंकुशचा हात तारेवर गेला होता. एक झटका, की सगळं बंद. त्यानं तिच्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच विचारलं.

तिनं मान हलवली. नको.

मग ती खुर्ची ओढून कॅमेऱ्यापुढे बसली.

"आता तुम्ही चालून दाखवा."

"काय?" चंदन म्हणाला.

"तुमाले माहं चित्र अडकते, पण आमाले तुमचं साफ दिसते. उठा, दारापर्यंत जाऊन या. उंची मलेही पाहाची हाय."

चंदननं आईकडे पाहिलं. त्या एवढ्याशा नजरेची भीती भिंतभर पसरली. मोबाईलवर कदाचित निसटली असती. आनंदाबाईनं पाहिली. लक्ष्मणरावांनीही पाहिली. मग तिकडून कॉल तुटला.

"नाक कापलं माहं," लक्ष्मणराव पुटपुटले.

"तिसऱ्यांदा चाल म्हणली तवा कुठं होतं नाक?" आनंदाबाई म्हणाली आणि पदर खोचून आत गेली. लक्ष्मणराव पडद्याकडे बघत बसले.

अंकुश अंगणात गाडीत पेटी ठेवत होता. समीक्षा मागोमाग आली.

"तार ओढणार होते तुम्ही."

"काल लावतानीच सैल ठेवावं वाटलं होतं." त्यानं मान वर केली नाही. "ऐन बोलण्यात निसटन अशी."

"काऊन नाई ठेवली?"

"तुमाले तो पसंत असता तर... माह्या सुखासाठी तुमचं कायले तोडू?"

"अन् तुमचं सुख कोणतं?"

त्यानं पेटीचं झाकण दाबून बसवलं. मग एकदम, जसा पाण्यात उडी घेतो माणूस, तसा — "तुम्ही. दुकानात दिसल्या तवापासून."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की भीती जाईल. गेली नाही, उलट वाढली. पण ही वेगळी होती. हिच्यात पाय मागे ओढत नव्हते.

"आईले घेऊन येऊ का... पाहाले?" त्यानं विचारलं.

"नाई." ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडलेला पाहून लगेच पुढे — "मी येईन तुमच्या घरी. आई-बाबाले घेऊन. पाहाले. चहा तुम्ही आणजा."

"चालून दाखवावं लागन का?"

"नाई. बसजा समोर. अन् आईकडे न पाहता बोलजा."