सहावं घर

त्या दिवशी दुपारी मी अंडी आणायला निघाले होते, बाकी काही नाही. ओक्लाहोमातला ऑगस्ट, वाळलेल्या गवताचा वास आणि झाडाझाडांत किरकिरणारे कीटक. खुराड्यात पाच अंडी कमी होती. सापाचं काम. मी स्वयंपाकघरात येऊन म्हटलं, "लेलँड, साप परत आलाय."

त्याने फ्रिजवर हात घातला आणि ते रिव्हॉल्व्हर काढलं. ओपलचं.

ओपल म्हणजे त्याची पहिली बायको. मी या घरात आले त्याच्या दोन वर्षं आधी आजाराने गेली. मी आल्यावर तिचे पडदे गेले, बशा गेल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा मी नणंदेकडे, नॉर्माकडे, धाडून दिल्या. हे एवढं एक राहिलं. पॉइंट बावीसचं, नळी बोटभर, दुकानातलं सगळ्यात स्वस्त. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. लेलँड खाणीवर कामाला होता तेव्हा, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने ते तिला दिलं. मला पहिल्या वाढदिवसाला व्हॅक्यूम क्लीनर मिळाला.

दर रविवारी चर्चहून आला की तो ते साफ करत बसायचा. ज्या तेलाने साफ करायचा त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो. घरभर तोच वास. काडतुसं भरताना ओठातल्या ओठात पुटपुटायचा, "एक भर, एक सोड, चार भर." तो आवाज त्याचा नसायचा. शेवटच्या शब्दाला तो किंचित हेल काढायचा आणि तो हेल कुणाचा होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काडतुसांची सहा घरं आहेत ना त्याला?" मी एकदा विचारलं. "मग पाचच का? तुझ्या बायकोला सहावं परवडत नव्हतं?"

"जुन्या धाटणीचं आहे, ट्वायला. घोड्याखालच्या घरात काडतूस असलं आणि ते हातातून पडलं, तर आपोआप उडतं. म्हणून घोड्याखाली एक घर रिकामं ठेवायचं."

"रिकामं... कुणासाठी?"

मी थट्टेने म्हटलं होतं. तो हसला नाही. रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं आणि उठून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, तिला उलट बोलता येत नाही, तिचं वजन वाढत नाही की केस पिकत नाहीत. त्या संध्याकाळी मी रिव्हॉल्व्हर खाली काढलं, बाजूची बारीक झडप उघडली आणि ते रिकामं घर भरून टाकलं. या घरात कुणासाठी जागा राखून ठेवायची नाही, एवढंच माझ्या मनात होतं. ते पडलं तर काय होईल हा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक काडतूस उभं होतं. टोक वर. मला वाटलं, लेलँडच्या लक्षात आलं आणि त्याने न बोलता काढून ठेवलं. मीही बोलले नाही. परत भरलं. परत कट्ट्यावर. आठवडाभर आमचा हा मुका तमाशा चालला, निदान मला तरी वाटत होतं की आमचा.

मग लेलँड ट्रॅक्टरचा एक सुटा भाग आणायला दोन दिवस टल्साला गेला. तो गाडीत बसून गेल्यावर मी सहावं घर भरलं. दुपारी भेंडी तळत होते. तेलाचा वास, मक्याच्या पिठाचा वास, आणि मग मधूनच... पिकलेली केळी. घरात केळं नव्हतं. मी वळले. झारा हातात तसाच. कट्ट्यावर काडतूस उभं होतं, आणि ते अजून किंचित डुलत होतं, नुकतंच कुणी ठेवावं तसं.

मी नॉर्माला फोन लावला. आवाज साधा ठेवून विचारलं, "ओपल... जास्तीचं काडतूस कुठे ठेवायची गं?"

"खिडकीत. उभं करून. का?"

"काही नाही."

"ट्वायला, अगं तू तिच्या वस्तूंच्या नादी का लागतेस? ती तुझ्या नादी लागली नाही कधी."

मी फोन ठेवून दिला. भेंडी जळली होती.

घाबरून थांबायला हवं होतं मी. पण भीतीपेक्षा मला रागच जास्त आला. म्हणजे ही गेलेलीच नाही तर! माझ्या चुलीपाशी, माझ्या खिडकीत उभी राहते. लेलँड परतला त्या सकाळी मी पुन्हा सहा भरली, फ्रिजवर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "आता काढ."

त्याच दुपारी ती पाच अंडी कमी निघाली, आणि तो साप खुराड्याच्या तुळईवर दिसला. लेलँड शिडीवर चढला, रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलेलं. मी शिडी धरून उभी. सहा भरलीत हे सांगायला तोंड उघडलं, पण सांगायचं कसं, की मी का भरली? तेवढ्यात तो वाकला, रिव्हॉल्व्हर सुटलं आणि खालच्या दगडावर घोड्यावरच आपटलं. नळी वर, सरळ त्याच्या छातीकडे.

टक्.

एवढंच. कोंबड्यासुद्धा उडाल्या नाहीत.

लेलँड खाली आला, त्याने झडप उघडून पाहिलं. घोड्याखालचं घर रिकामं होतं. तो तिथेच कोंबड्यांच्या विष्ठेत मटकन बसला आणि रडायला लागला. "ओपल... ओपल गं..."

माझा नवरा जिवंत होता. माझ्या हाताने मरता मरता वाचला होता. मी गुडघ्यावर बसून देवाचे आभार मानायला हवे होते आणि मी मात्र मोजत होते, त्याने तिचं नाव किती वेळा घेतलं. स्वतःची लाज वाटली, तरी मोजत राहिले.

स्वयंपाकघरात गेले तर कट्ट्यावर सहावं काडतूस उभं होतं.

संध्याकाळी त्याने रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवलं. "सकाळी आलो तेव्हा तू हे भरत होतीस. नीट भरलं होतंस. एक घर सोडलंस. आता हे तुझं."

मी खरं सांगितलं नाही. माझं, म्हणाला तो. दोन वर्षं मी या एका शब्दाची वाट पाहिली होती. मी ते साफ केलं, आणि तिला कबूल होईल तसं मनापासून भरलं. एक भर, एक सोड, चार भर. घोडा हलकेच रिकाम्या घरावर सोडला. "घे," मी खिडकीकडे बघून म्हटलं, "तुझी जागा तुला."

सकाळी कट्टा मोकळा होता. मला हायसं वाटलं. अंडी आणायला निघताना सहज झडप उघडून चक्र फिरवलं.

सहा.

घोड्याखालच्या घरात काडतूस होतं. पितळेवर तेलाचं बोट उमटलं होतं. मी ते काढलं, रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं, फडक्याला गाठ मारली. दुसऱ्या सकाळी गाठ तशीच, आत सहा. लेलँडला दाखवायला नेलं. त्याने माझ्यादेखत उघडलं, मोजलं. "पाचच आहेत अगं." त्याच्या हातात खरोखर पाच होती. मी ते परत घेतलं, परसात जाऊन उघडलं. सहा.

ते तिचं होतं तोवर ते घर रिकामं राहायचं. माझं झाल्यापासून ते भरलेलं असतं.

लेलँडला मी सारखी मोजताना दिसते. काल म्हणाला, "एवढी धास्ती वाटत असेल तर तळ्यात टाकून दे."

मी नाही म्हटलं. रोज सकाळी सहावं काढते, रिव्हॉल्व्हर कमरेला लावते आणि घोड्यावर अंगठा ठेवून खुराड्याकडे चालते. दहा पावलं गेलं की मागून केळ्यांचा वास येतो आणि रिव्हॉल्व्हर किंचित जड होतं. मी थांबून बघत नाही. टाकू कशी? माझ्या नवऱ्याने मला दिलंय ते.