बुखाऱ्याची पितळी नाणी

शारजात नोकरी करणाऱ्या सूर्यकांतला जुन्या नाण्यांचं वेड होतं, आणि वेडाला औषध नसतं. तिथल्याच बाजारातल्या एका उझबेक गालिचेवाल्याकडून त्याने बुखाऱ्याच्या शेवटच्या अमीराची तीन पितळी नाणी आणली. काळपट, ओबडधोबड. म्हातारा गालिचेवाला म्हणाला होता, राज्य बुडत आलं तेव्हा धातू संपला, मग शिपायांनी घराघरांतली भांडी उचलून नेली आणि वितळवून त्यांची नाणी पाडली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याच्या बायकोने, मृणालिनीने, देवांबरोबर ती नाणीही चिंचेने लख्ख घासली आणि ताम्हनात मांडली.

"अगं, जुनी नाणी धुवायची नसतात! व्हॅल्यू खलास झाली सगळी!" सूर्यकांत ओरडला.

"पारोशी लक्ष्मी पूजतं का कुणी?" ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात तापल्या धातूचा वास सुटला. वरून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले. सूर्यकांतने वॉचमन मोहिद्दीनला फोन लावला.

"ऊपर का फ्लॅट तो खाली है, साब."

संध्याकाळी देव्हाऱ्यातली घंटा नव्हती. ताम्हनात चौथं नाणं होतं, हाताला चटका बसेल असं. सूर्यकांत इंजिनिअर माणूस, त्याने आधी मुलीलाच दरडावलं.

"आय डिडन्ट टच एनीथिंग, बाबा," शुभ्रा रडवेली होऊन म्हणाली.

मग निरांजन गेलं आणि आणखी एक नाणं आलं. तेव्हा मात्र त्याची बोबडी वळली. सगळी नाणी घेऊन तो तडक दूर खोर फक्कानच्या किनाऱ्यावर गेला आणि समुद्रात फेकून आला. घरात शिरला तर ठोके चालूच होते.

बाकीचे पितळी देवही एकेक करून गेले. देव्हाऱ्यात आता एकटा रांगता बाळकृष्ण उरला होता. मृणालिनीच्या आईने जाताना तिच्या हातात ठेवलेला.

"ह्याला नाही नेऊ देणार मी," म्हणत तिने तो मुठीत घट्ट आवळला. दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. सूर्यकांत तिच्या मुठीवर आपले दोन्ही हात ठेवून बसून राहिला. एकदाही त्याने ते काढले नाहीत.

ठोके जवळ आले. आणखी जवळ.

मग थांबले.

मृणालिनी दचकून जागी झाली. तिने मूठ उघडली.

आत नाणं होतं, गरम. ठोकणाऱ्याला घाई झाली असावी. कडेपाशी एक इवलासा पितळी हात तसाच राहून गेला होता, लोण्याचा गोळा धरलेला.

तिला हुंदका फुटला. तिने त्या हातावर बोट ठेवलं.

हाताने लोणी सोडलं आणि तिचं बोट धरलं.