दुसऱ्या खुर्चीवरचं नाव

जिन्याच्या वळणावर टक्कर झाली आणि तिच्या हातातली कॉफी त्याच्या शर्टवर सांडली.

"अगं बाई... सॉरी!"

"एक शंका आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "साखर घातली होती का? नसेल तर डाग लवकर निघतो."

या नव्या माणसाला ऑफिसात सगळे शंकासुर का म्हणतात, ते तिला तिथेच कळलं.

ऑफिस तिच्या मामांचं. कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन विकायची. तिकीट काढताच गिऱ्हाइकाला जाणारा मेल ती लिहायची. नवा मेल तपासायचं काम त्याचं. त्यासाठी त्यानं एक खोटा कार्यक्रमच रचला होता. दोघं आळीपाळीनं त्याची तिकिटं काढायची आणि मेल फक्त त्या दोघांनाच यायचे. खऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नसे.

"पण कार्यक्रम आहे कसला?" तिनं एकदा विचारलं.

"गाण्याचा. गाणार मीच."

"तरीच प्रेक्षक नाहीत!"

तो कानापर्यंत लाल झाला... आणि तिला उगाचच आणखी एक तिकीट काढावंसं वाटलं.

एके दिवशी पाच वाजता एका मोठ्या मैफलीची विक्री सुरू व्हायची होती. तेव्हापासून नवा मेल जाईल, असा शब्द मामांनी आयोजकांना देऊन टाकला होता. दुपारी त्यानं खोट्या कार्यक्रमाच्या दोन शेजारच्या खुर्च्या घेतल्या. मेल आला. पहिल्या खुर्चीवर त्याचं नाव. दुसरीवर — तिचं!

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही हो, शप्पथ! मी दुसरं नाव भरलंच नव्हतं. रिकामं ठेवलं की मेल आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव उचलतोय. आणि आधी... तुम्ही होतात."

मामांनी हात झटकला. "एवढंच ना? जाऊ दे तसंच. नावं वाचतो कोण?"

"बायको वाचते, मामा! नवऱ्याच्या शेजारी परक्या बाईचं नाव... किती घरांत भांडी आपटतील! हा मेल जाणार नाही. जुनाच जाईल."

"मालक मी की तू? उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण आज इथून हलणार नाही." ती खुर्ची ओढून बसली.

त्यानं आपली खुर्ची तिच्या शेजारी आणली. "मग मीही नाही येत, साहेब."

मामांनी शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं. "आईवर गेलीये अगदी," ते पुटपुटले. "पाठवा जुनाच! आणि उद्या दोघंही वेळेवर या." दार आपटून ते आपल्या खोलीत गेले.

"चूक आत्ता दुरुस्त करतो," तो हळूच म्हणाला. "फक्त... माझ्या तिकिटावर ते नाव राहू दे?"

"मुळीच नाही!" तिनं मान उडवली. "चुकून मी कुणाच्या शेजारी बसत नाही. विचारावं लागतं."

पाच वाजले. त्यानं खऱ्या मैफलीच्या दोन खुर्च्या निवडल्या. दुसऱ्या नावाची जागा रिकामी होती.

"एकच शंका आहे..." तो तिच्याकडे वळला. "येशील?"

तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तिथे स्वतःचं नाव स्वतःच लिहून तिकिटं काढली.

आतून मामा ओरडले, "पहिलं तिकीट कुणी काढलं रे?"

"तुमच्या भाचीनं!" ती त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. "आणि एक नाही, दोन!"