अर्जुनाचा भोंगा

उद्या जुनी फटफटी बघायला सांगलीला जाणार म्हणे तू, मानसिंग? जा. पण थोडा बस, पोरांनो तुम्हीही बसा. हंबीररावाचं तेवढं ऐकून जा. आम्ही एका पलटणीत होतो, म्हणून सांगतो.

हंबीरराव पलटणीत ड्रायव्हर. पेन्शन घेऊन आष्ट्याजवळच्या मळ्यात राहायला आला. घरात तो आणि बायको शालूबाई, तिसरं माणूस नाही. पहिल्या खेपेला बैलगाडीनं सांगली गाठेपर्यंत मूल पोटातच गेलं होतं. शालूबाईला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा त्यानं ठरवलं, आता बैलगाडीच्या भरवशावर राहायचं नाही.

आष्ट्यात मनुबाई नावाच्या म्हातारीला फटफटी विकायची होती. तिचा मुलगा अर्जुना साखर कारखान्यात फिटर होता, श्रावणात काविळीनं गेला. हंबीररावानं गाडी अशी पारखली, की मुलीला स्थळ बघतानाही कोणी एवढं बघत नसेल. साखळी ओढून पाहिली, थंड इंजिनाला किक मारली, धुराचा रंग पाहिला, कागदावरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी ताडून घेतला. कुठंच खोट निघाली नाही. सौदा झाला.

मग मनुबाई म्हणाली, “भोंगा तेवढा ऱ्हाऊ द्या.” हँडलला रबरी भोंगा होता. “बैल इकला तरी दावं आपुन ठिवून घेतो, व्हय का न्हाई? अर्जुना साडेनवाला कामावरनं यायचा. डाव्या हाताची करंगळी ल्हानपनी चरकात गेल्याली, पर त्याच हातानं वळणावर दोनदा भोंगा वाजवायचा. मग मी तवा ठिवायची.”

“मावशी, समद्या सामानासकट ठरलंय. भोंग्याबिगर गाडी रस्त्यावर काढू कशी?”

म्हातारीनं भोंग्यावर एकदा हात फिरवला. अरे, बाजारात हवे तेवढे भोंगे मिळाले असते. इंजिनाचा नंबर वाचणाऱ्या माणसाला म्हातारीचं तोंड वाचता आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

आता ती रात्र. त्र्याहत्तर सालची, मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. नऊ वाजता शालूबाईला कळा सुरू झाल्या. मागून धरायला कोणी नव्हतं, म्हणून हंबीररावानं पटक्यानं तिला आपल्या कमरेशी बांधलं आणि निघाला. गाडी पहिल्या किकला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, मधून रस्ता, आणि थंडी मी म्हणत होती. शालूबाई दात आवळून बसली होती.

आष्टा आलं. मनुबाईच्या गल्लीचं वळण आलं.

भोंगा वाजला. दोनदा.

हंबीररावाचे दोन्ही हात मुठींवर होते...

इंजिन बंद पडलं. दिवा गेला. त्यानं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

“आवं... चला की...” शालूबाई कण्हली.

पुन्हा भोंगा. दोनदा. त्यानं अंधारात हात नेऊन चाचपलं. रबर दबलेलं होतं. दबलेलंच राहिलं... कोणीतरी मुठीत धरलेलं.

वळणावरच्या घराचं दार उघडलं. मनुबाई. हातात कंदील, बोटांना पीठ.

“आला व्हय रं...”

मग तिला हंबीरराव दिसला. मागं बांधलेली बाई दिसली. ती जागीच थांबली.

हंबीररावानं खिशातला पाना काढला. भोंगा सोडवला आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवला.

“चुकलं, मावशी.”

मनुबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती शालूबाईच्या मागं बघत होती. तिथं नुसता अंधार...

“जा रं,” ती म्हणाली. “पोचवून ये त्यास्नी.”

एका किकला गाडी लागली. पण मागून जड झाली होती. स्प्रिंगा दबल्या होत्या. हंबीररावानं मान वळवली नाही. सांगलीपर्यंत... एकदाही नाही.

पहाटे दवाखान्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. हंबीरराव लहान मुलासारखा रडला.

उजाडल्यावर शालूबाई म्हणाली, “पटका आष्ट्यातच सुटला हुता. माज्या डोळ्यांफुडं अंधारी येत हुती. मागच्यानं धरलं म्हनून ऱ्हायले. कोन हुता त्यो?”

खाटेशी तिचं लुगडं पडलं होतं, ते हंबीररावानं उचलून उजेडात धरलं.

शालूबाईनं ते लुगडं अजून धुतलेलं नाही. ट्रंकेत आहे, मी पाहिलंय. कमरेपाशी काळ्या ग्रीसचा पंजा आहे. डावा हात. अंगठा... आणि तीन बोटं.