बिनसाखरेचा चहा

“आई, तो चमचा खाली ठेवा!”

शुभदाच्या आवाजानं इंदुताईंचा हात जागीच थबकला. देवळातून आणलेलं तीर्थ त्यांच्या पातळावर सांडलं... आणि पलंगावरच्या सहा वर्षांच्या सुखदानं सांगून टाकलं, “कालपण दिलं होतं आजीनं.”

केमो चालू असलेल्या लेकराला उकळलेलंच पाणी द्यायचं, हे डॉक्टरांनी दोघींसमोर बजावलं होतं. पण देवाच्या पाण्यातही जंतू असतील, हे इंदुताईंच्या भाबड्या मनाला कधी शिवलंच नव्हतं! त्याच दिवशी नातीला ताप भरला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. हॉस्पिटलातून तिला रावेतच्या घरी आणल्यावर शुभदा सासूला एवढंच म्हणाली, “थोडे दिवस तळेगावला विजयश्रीताईंकडे राहा.”

इंदुताई मुकाट्यानं लेकीकडे गेल्या. तिथंही त्या बिनसाखरेचाच चहा पीत. रावेतला असताना शुभदा त्याला रुसवा समजायची. नात बरी झाली की तिची गूळतुला करीन, तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही, हा नवस त्यांनी फक्त सुखदाच्या कानात सांगितला होता.

पंधरवडा उलटला आणि दारात शुभदा उभी! डोळे सुजलेले.

“आई, वजन उतरतंय तिचं. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पुढचा डोस थांबवावा लागेल. माझ्या हातचं तोंडात घेत नाही हो... जेवताना ती सासू, तुम्ही सून, हा तुमचा खेळ मला जमत नाही.”

“तुला का जमंना? खरी सून तर तूच हायेस!” म्हणत इंदुताई चपला शोधू लागल्या.

रावेतला येताच त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. गुरगुट्या भात शिजवून त्यावर तूप सोडलं.

“सूनबाई, भात करपलाय!” सुखदानं क्षीण आवाजात दरडावलं.

“चाखल्याबिगर कसं कळलं, सासूबाई?”

तोंड आलेलं... तरी एक घास गेला. मग दुसरा.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलच्या काट्यानं थोडं वाढलेलं वजन दाखवलं. डोस ठरल्याप्रमाणे झाला. घरी येताच शुभदानं साखर घालून चहा केला. “आई, आता तरी रुसवा सोडा.”

“आजी रुसली नाहीये,” सुखदा म्हणाली, “मी बरी झाले की देवाला माझ्याएवढा गूळ द्यायचाय. तोपर्यंत तिला गोड बंद!”

शुभदा सासूकडे बघतच राहिली.

“मग चांगल्या जड व्हा, सासूबाई,” ती अखेर लेकीला म्हणाली, “गूळ भरपूर लागू दे.”

तिनं दोन्ही कपांतला चहा ओतून दिला आणि पुन्हा आधण ठेवलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.

“अगं, तू कशापायी?” इंदुताई कळवळून म्हणाल्या.

“घ्या आई, निवेल,” शुभदा म्हणाली, आणि आपला बिनसाखरेचा कप घेऊन त्यांच्याशेजारी टेकली.