सात नंबरची रिकामी बस

सात नंबरची बस रिकामी का धावते, हे कोडं धारणगावात कुणालाच सुटत नव्हतं.

गोष्ट २०४३ सालची. बस विजेवर चालायची. धूर नाही, आवाज नाही, दर दहा मिनिटांनी एक फेरी. पूर्णानगर शहरात अशाच बस खच्चून भरून जात. केतकीचे आजोबा भास्करराव वाहतूकशास्त्रज्ञ होते. त्यांनीच पूर्णानगरची योजना जशीच्या तशी इथं आणली होती. बाकीचे मार्ग बरे चालले. कुंभारगल्लीचा सात नंबर मात्र रविवारपासून बंद होणार होता.

बुधवारी सकाळी केतकी आणि आजोबा त्याच बसमध्ये बसले. दाराशी गणू उभा होता. गणू म्हणजे प्रवासी-गणक (चढणारे-उतरणारे लोक मोजणारा) रोबो.

"प्रवासी दोन," गणू म्हणाला. "त्यातले एक योजना आणणारेच."

"याला टोमणे कुणी शिकवले?" आजोबा म्हणाले.

"माझा निष्कर्ष (मोजणीवरून निघणारं उत्तर) असा, की इथल्या लोकांना बस नको आहे."

केतकी खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेनं दहा-बारा बायका डोक्यावर डबे घेऊन चालल्या होत्या.

"गणू, त्यांना मोजलंस?"

"नाही. जे चढत नाहीत, ते माझ्या मोजणीत येत नाहीत."

आजोबा एकदम ताठ झाले. "बस थांबव!"

दोघं खाली उतरले. बायकांच्या सगळ्यांत मागं हौसामावशी होत्या, केतकीच्या शेजारी राहणाऱ्या.

"मावशी, बसनं का नाही जात?" केतकीनं विचारलं.

"अगं, काल लाटलेले पापड आहेत. गृहोद्योग केंद्रावर द्यायचेत. तुमच्या बसमध्ये डबा ठेवू कुठं? मांडीवर ठेवला तर वळणावर सगळा चुरा! तुटका पापड केंद्र घेत नाही." त्यांनी डबा सावरला. "जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. गुडघे बोलायला लागलेत. बस बंद होणार म्हणे. होऊ दे. आम्हाला ती होतीच कुठं?"

मावशी पुढं गेल्या. आजोबा थांब्यावरच्या बाकावर बसले.

"तुझी आजी तेवीस वर्षं असाच डबा घेऊन जायची," ते म्हणाले. "मी बसविषयी पुस्तकं लिहीत होतो. ती कशी जाते, हे कधी विचारलं नाही."

केतकी त्यांना टेकून बसली. आजोबा पुढं म्हणाले,

"पूर्णानगरातले लोक कचेरीत जातात. खांद्याला एक पिशवी. म्हणून तिथल्या बसमध्ये उभं राहायला जागा जास्त. मी ती बसच उचलून आणली. आणायला हवा होता त्यांचा प्रश्न. आपल्या गावात कोण निघतं, केव्हा निघतं आणि काय घेऊन निघतं? प्रश्न तोच, पण प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं. याला अनुकूलन (जागेप्रमाणे करून घेतलेला बदल) म्हणतात."

"मग आपलं उत्तर काय?"

"चल, डेपोत."

गुरुवारी चार आसनं निघाली. त्या जागी कड असलेल्या फळ्या बसल्या, खाली जाड रबर. वळणावरचा वेग कमी केला. काही बायका पहाटेच निघत, म्हणून पहिली फेरी आठऐवजी साडेसहाला आणली.

शुक्रवारी हौसामावशी एकट्याच चढल्या. "आज एकच डबा ठेवते. फुटले तर तुम्ही लाटून द्यायचे, भास्करराव!"

"मला लाटता येत नाही हो!"

"मग देवाचं नाव घ्या."

बस वळली. केतकीनं डोळे मिटून घेतले. केंद्राच्या दारात मावशींनी झाकण काढलं आणि एकेक पापड उचलून पाहिला. शेवटचा पापड त्यांनी उंच धरला. "अख्खे! सगळे अख्खे!"

पहाटेच निघून चालत आलेल्या बायका दारातच होत्या. त्यांनी ते ऐकलं. परतीच्या फेरीला, उद्याच्या पापडांसाठी केंद्रानं दिलेले पिठाचे गोळे घेऊन सगळ्याच चढल्या.

शनिवारी सकाळी गणू म्हणाला, "प्रवासी एकेचाळीस. डबे अडतीस. माझा निष्कर्ष चुकला होता." सात नंबर बंद करायचा हुकूम दुपारीच रद्द झाला. हौसामावशींनी गणूच्या हातावर पापड ठेवला. त्याला खाता येत नव्हता, पण त्यानं तो मोजला.

महिन्याभरानं पूर्णानगरहून फोन आला. तिथल्या फुलवाल्या बायकाही चालतच जात होत्या, हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना फळ्यांचा नकाशा हवा होता.

"पाठवते," केतकी म्हणाली. "पण आधी त्यांच्या टोपल्यांचं माप घ्या. आमचे डबे गोल आहेत."