बोरमळ्याच्या देवळाचं सारवण

दार लोटून घ्या रं जरा. लोको शेडचा धूर समदा आत येतोय. आन् जयसिंग, तू हसू नगंस. आपल्यात भूतबीत मानत न्हाईत ह्ये मला तुज्या जल्माआधीपासनं ठावं हाय. मी भुताचं सांगतच न्हाई. मी योसेफचं सांगतोय. योसेफ उजगरे, माझा सख्खा साडू. त्या मानसानं तिखटमीठ लावून कवा बोलनं केलं न्हाई. त्येची बायको म्हनायची, ह्यांच्याशी बोलन्यापरास भितीशी बोललेलं बरं.

पानशेत फुटलं ते साल. शिरूरच्या अंगाला घोडनदीच्या काठावर बोरमळा म्हणून वस्ती हाय. तिथं आपलं देऊळ व्हतं. मातीच्या भिती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. मिशनच्या साहेबांच्या काळात रविवारी तिथं बसाय जागा मिळायची न्हाई म्हनत्यात. मग मानसं पांगली. कुनी हितं दौंडला रेल्वेत लागलं, कुनी खडकीच्या कारखान्यात. साहेबलोक त्यांच्या मुलखाला गेलं, पाळकाचा पगार थांबला. शेवटी ठरलं, बोरमळ्याची मंडळी शिरूरच्या मंडळीत जोडायची आन् तिथल्या देवळाला कुलूप घालायचं. ठराव एका दुपारी झाला. पर बाबांनो, दोन मंडळ्या एक करनं म्हंजी दोन सवतींची चूल एक करनं. शिरूरवाले म्हनायचे, बोरमळ्याचे आतल्या गाठीचे. बोरमळ्याचे म्हनायचे, ह्यांचा डोळा आमच्या सागवानी दारांवर हाय.

आता बोरमळ्यात आपलं एकच मानूस उरलं व्हतं, कृपाबाई. योसेफची मावशी. जवानीत बायबलबाई म्हणून गावोगाव फिरलेली, जिभंला धार. देवळाला लागून मिशनची एक खोली व्हती, तिच्यात ऱ्हायाची. नवरा आन् एकुलती एक पोरगी दबोरा, दोघंबी देवळामागच्या मातीत. शिरूरला चला म्हटलं की म्हनायची, "माझं समदं हितं हाय. तिथं माझं काय हाय?"

तर एका रविवारी सकाळी शिरूरवाल्यांनी योसेफला धाडलं बोरमळ्याच्या देवळातली बाजाची पेटी आनायला. चावी एकच, ती डेव्हिडरावांकडं. डेव्हिडराव म्हंजी शिरूरच्या मंडळीचे वडील, पंचच म्हना. भला मानूस, पर तापट, आन् एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचा न्हाई. योसेफ सायकलीवर गेला, कुलूप काढलं, दार ढकललं... आन् उंबऱ्यातच थांबला.

जमीन सारवलेली. ताजी. वली. आत शेणाचा वास.

आता पूर्वी रीतच व्हती, शनिवारी बायांनी पाळीपाळीनं देऊळ सारवायचं. पर देऊळ बंद हून दोन महिने झालेले. कुलूप जाग्यावर. खिडक्यांना गज.

योसेफला गप बसता आलं असतं. पर त्यो कसला गप बसतोय, त्येनं जाऊन जसं बघितलं तसं सांगितलं. डेव्हिडरावांचा पारा चढला. "कृपाबाईकडं दुसरी चावी हाय! ती तिथं निराळी मंडळी चालवती. आपन हितं एकी करतोय आन् ती तिथं रातची उपासना मांडती." पाळकसाहेब म्हनाले, आधी इचारावं तरी. डेव्हिडराव म्हनाले, "इचारायचं काय त्यात? खोली खाली करून घ्यायची."

योसेफनं मावशीला जाऊन सांगितलं तशी ती उसळली. "मी सारवीन आन् नाकारीन व्हय रं? दडून सारवाय मी काय पाप करतेय? तुमचाच कुनीतरी रातचा येतोय. मला चोर ठरवायचं, खोली काढून घ्यायची, मग दारं उपसायची! तू बी त्यांच्यातलाच का?" योसेफला लई लागलं ते. मग तीच म्हनाली, "ये शनिवारी. मला भायेरनं कुलूप घाल आन् तू बस देवळात. बघ कोन येतंय ते."

त्यो शनिवार म्हंजी नोव्हेंबरची पंचवीस. कार्तिकी पुनव हून तिसरी रात. योसेफनं मावशीच्या खोलीला भायेरनं कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. देवळाची चावी डेव्हिडरावांकडनं मागून आनली व्हती; सकाळी मी सोता येऊन बघतो, ह्या बोलीवर त्येंनी दिली. देवळात शिरला, दाराला आतनं कडी घातली. जमीन चाचपून बघितली. कोरडी ठनठनीत. समोरच्या भितीला उपदेशाचा वट्टा हाय, मातीचाच, त्येच्यावर उजव्या अंगाला बसला. काठी शेजारी, कंदील म्होरं. मनात इचार एकच, आज मावशीची खोली वाचवायची. जो येईल त्येची मानगूट धरायची.

लई वेळ काईच न्हाई. चांद वर आला, गजांच्या सावल्या जमिनीवर पडल्या. नदीकडं कुत्री भुकत व्हती. त्येला डुलकी लागाय आली.

मग कुत्री गप झाली.

एकदम. समदी.

आन् वास आला. वल्या शेणाचा.

योसेफनं डोळं उघडलं. कंदील जळत व्हता. दाराला कडी तशीच. कुनी न्हाई.

सर्रर्र...

दारापाशी. तळव्याचा आवाज. शेणात हात फिरवल्यागत.

सर्रर्र... सर्रर्र...

त्येनं कंदील उचलला. उंबऱ्याजवळची जमीन काळी पडत व्हती. वली व्हत व्हती. त्येच्या डोळ्यादेखत. बोटांचे फराटे उमटत व्हते, अर्ध्या गोलाचे. एकाला लागून एक. हात मातुर... हात न्हाई.

"कोन हाय?"

...

"मावशी?"

सर्रर्र...

म्होरं येत व्हतं ते. दाराकडनं. त्येच्याकडं. भायेर पडायची वाट तेवढीच, आन् ती वली. काठी धरायची शुद्ध न्हाई. पाय वर घेतलं. तोंडात प्रार्थना येईना. "स्वर्गातील पित्या" म्हनला आन् म्होरचं इसरला. लहानपनापासनंचं पाठ!

वट्ट्याच्या पायथ्याशी आलं.

थांबलं.

...

योसेफ म्हनायचा, तवा मला भ्या वाटलं व्हतं, पर खरं भ्या त्येच्या म्होरं हाय. आवाज थांबला. कुत्री गप. आन् डाव्या बाजूनं अंग गार पडलं. निस्ती डावी बाजू. शेजारी कुनी येऊन टेकावं तशी. त्येनं मान वळवली न्हाई. फटफटंपातूर वळवली न्हाई.

उजाडल्यावर उठला आन् पळाला. वल्या जमिनीवरनं, थेट दाराकडं. हितंच चुकलं बघा त्येचं.

कारन कडी काढतोय तवर भायेर डेव्हिडराव सायकलीवरनं उतरत व्हते. मावशीच्या खोलीला कुलूप तसंच, ती आतनं दार बडवतेय. डेव्हिडरावांनी देवळात वाकून बघितलं. सारवलेली जमीन, आन् तिच्यावर एकाच मानसाची पावलं. वट्ट्यापासनं दारापातूर.

"वा रं वा!" डेव्हिडराव म्हनाले. "मावशीला कोंडायची, आपन सारवायचं, म्हंजी मावशी सुटली! कुलूप तू घातलंस, किल्ली तुझ्याकडं, पावलं तुझी. आमाला काय दूधखुळं समजलास?"

योसेफनं हात दाखवलं. "धुतलं असशील," म्हनाले. त्येनं शास्त्रावर हात ठिवून सांगतो म्हटलं. "निदान शास्त्र तरी बाटवू नगंस," म्हनाले. शनिवारच्या आत खोली खाली करायची, तसा हुकूम देऊन गेले.

योसेफनं कुलूप काढलं. मावशी शिव्या देतच भायेर आली, डेव्हिडरावाच्या सात पिढ्या उद्धरत. देवळाच्या दाराशी गेली. आत बघितलं. आन् बोलनं मधीच थांबलं.

वाकून फराटे निरखले आन् म्हनाली, "योसेफ, ह्ये दाराकडनं घेतलंय."

सारवायचं कसं, तुमाला काय सांगायचं? आतल्या भितीकडनं घेत यायचं, दारात संपवायचं, भायेर पडायचं. हितं उलटं. दारात सुरू, वट्ट्यापाशी शेवट.

"माझी दबोरा असं सारवायची," मावशी म्हनाली. "तिची पाळी आली की हमखास. समदं दाराकडनं घ्यायची आन् आत आडकून पडायची. मग वट्ट्यावर बसून ऱ्हायाची वाळंपातूर. मी तिला रागं भरायची... तू रातच्याला कुठं बसला व्हतास?"

"वट्ट्यावर. उजव्या अंगाला."

"ती डाव्या अंगाला बसायची."

योसेफ खालीच बसला. मावशी रडली न्हाई. उंबऱ्यावर हात ठिवून म्हनाली, "आता तर मी मुळीच हलायची न्हाई हितनं. मंडळी जोडली तवा जित्यांस्नी घरोघर जाऊन सांगितलं, देऊळ बंद झालं. मातीतल्यांस्नी कुनी सांगितलं रं? माझी पोरगी पाळी कशी चुकवंल?"

पर ऐकतंय कोन. शनिवारी बैलगाडी आली. म्हातारीला बोचक्यासकट उचलून गाडीत बसवली. योसेफनं गयावया केली, त्येलाबी गप केला. डेव्हिडरावांनी तिला सोताच्याच घरात ठिवली, बायकोच्या शेजारी आंथरून. "माझ्या नजरंखाली ऱ्हाऊ द्या, म्हंजी कळंल." शिरूरच्या देवळाची चावी उशाखाली घेऊन झोपले. रातभर म्हातारी कूससुदिक पालटली न्हाई, त्येंची बायकोच सांगायची.

रविवारी सकाळी त्येंनीच देऊळ उघडलं. मागं समदी मंडळी, धुतल्या कपड्यात.

शिरूरच्या देवळात शहाबादी फरशी हाय. गुळगुळीत. फरशी कुनी सारवतं का?

सारवलेली व्हती. दारापासनं वट्ट्यापातूर.

एक मानूस आत जाईना. डेव्हिडराव दारातच हुभे. कुनावर घालायचं आता? म्हातारी त्येंच्याच घरात, चावी त्येंच्याच उशाखाली. तेवढ्यात कृपामावशी गर्दीतनं वाट काढत म्होरं आली. उंबऱ्यात हुभी ऱ्हायली. आन् मोकळ्या देवळात बघून वरडली,

"अगं येडे! दाराकडनं घेऊ नगंस म्हणून किती येळा सांगितलं तुला! आता कशी भायेर येशील?"

...

बाया तोंडाला पदर लावून रडाय लागल्या. योसेफ तर लेकरावानी रडला. डेव्हिडरावांनी कोटाच्या खिशातनं बोरमळ्याची चावी काढली, म्हातारीच्या हातात ठिवली आन् तिची मूठ झाकली. त्या दिवशी उपासना भायेर झाडाखाली झाली. मावशी उंबऱ्यात बसून ऱ्हायली, फरशी वाळंपातूर. मग उठली, "चल बाई," म्हनाली आन् गाडीत बसली. बोरमळ्यातच मेली ती, तीन सालांमागं. खोली तिच्याकडनं परत कुनी मागितली न्हाई.

शिरूरची फरशी धुतली, लख्ख निघाली. पर वट्ट्यावर, डाव्या अंगाला, एका मानसाला बसाय पुरंल येवढी जागा वलीच ऱ्हायली. दोनदा सिमिट लावलं. पाळकसाहेब म्हनत्यात, खालनं पान्याचा झरा असंल. असंल की. उन्हाळ्यात घोडनदी आटती, शिरूरच्या हिरी आटत्यात. ती जागा काय आटत न्हाई.